गाड्या चोरणारी पोरं परत परत सापडतात तेव्हा कायदा कसा असावा: मत कसं बनवायचं आणि कसं मांडायचं

चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने चोरलेल्या गाडीने कुणाला तरी उडवलं, आणि त्याच पोराला आधी कितीतरी वेळा पकडून सोडलं होतं, अशी बातमी आली की दोनच प्रकारची मतं पडतात. एक म्हणजे टाका आत, मोठ्या माणसासारखी शिक्षा द्या. दुसरं म्हणजे लहान आहे हो, समजून घ्या. दोन्ही बोलणारी माणसं मनापासूनच बोलत असतात, पण या दोन्हीतून कायदा काही लिहिता येत नाही, कारण कायद्यात लिहावं लागतं की कुणी, किती दिवसांत, नेमकं काय करायचं आणि तेच परत झालं तर पुढे काय. सरकारने सूचना-हरकती मागवल्या असतील, कॉलेजात या विषयावर लिहायचं असेल, चर्चेत बोलायचं असेल किंवा नुसतं स्वतःचं मत पक्कं करायचं असेल, तर कुठून सुरुवात करायची आणि कुठे काय तपासायचं ते सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा पकडल्यावर पहिली काहीतरी कारवाई किती लवकर होते आणि ती दर वेळी नक्की होते का, यावर सगळं ठरतं. खाली जे जे आहे ते मी याच मापाने मोजलंय, तुम्हाला पटलं नाही तर निदान कुठे पटत नाही ते तरी कळेल.

आधी गुन्हा नीट ओळखा

'गाडी चोरली' एवढंच म्हटलं की गडबड तिथेच सुरू होते. काही पोरं नुसती मजा म्हणून गाडी उचलतात, रात्रभर पळवतात, व्हिडिओ काढतात आणि पेट्रोल संपलं की रस्त्यात सोडून देतात. काहींना रात्री परत जायला काही मिळत नसतं म्हणून ती उचलतात. काही जण त्याच गाडीने दुकानाचं शटर फोडतात. आणि काहींच्या मागे एक मोठा माणूस असतो, तो गाडीचे पार्ट विकतो किंवा गाडी परस्पर दुसरीकडे पाठवतो, आणि पोरांना पुढे करतो कारण त्याला पक्कं माहिती असतं की पोरं लवकर सुटतात. या सगळ्यांना एकच कलम लावलं तर ते कुणालाच नीट बसत नाही.

इंग्लंडमध्ये हा घोळ फार आधी झाला. तिथल्या १९६८ च्या कायद्यात चोरी म्हणजे मालकाला ती वस्तू कायमची गमवायला लावायचा हेतू हवा, आणि रात्री नेलेली गाडी सकाळी चार गल्ल्या सोडून सापडली तर असा हेतू सिद्ध करणं अवघड, म्हणून त्याच कायद्यात कलम १२ टाकलं: परवानगी नसताना गाडी नेणे. गाडी अशी आणलीय हे माहिती असून जो नुसता बसून गेला तोही त्यात येतो. शिक्षा जास्तीत जास्त ६ महिने. मग १९९१ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्लॅकबर्ड लीज वस्तीत पोरं चोरलेल्या गाड्या लोकांसमोर गरागरा फिरवून दाखवायला लागली, तिकडे टाइनसाइडला पोलिसांपासून पळताना चोरलेल्या गाडीत दोन तरुण मेले आणि त्यावरून दंगल पेटली, आणि १९९२ मध्ये वेगळा कायदा आला. गाडी नेल्यानंतर ती धोकादायक चालवली, कुणाला लागलं, कशाचं नुकसान झालं तर शिक्षा २ वर्षांपर्यंत, आणि कुणाचा जीव गेला तर त्याची कमाल मर्यादा सुरुवातीला ५ वर्षं होती, नंतर वाढवून १४ केली.

यातलं घेण्यासारखं काय, तर गाडी नेल्यानंतर पुढे काय झालं त्यावर गुन्ह्याचं वजन ठरतं. कुलूप उघडण्यात जीव जात नाही, जीव वेगात जातो. तेव्हा तुमच्या मसुद्यात चालवणारा वेगळा धरा, बसून गेलेला वेगळा धरा, आणि पोरांना कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला सगळ्यात कडक कलम ठेवा, म्हणजे पोरांना वापरण्यात जो फायदा आहे तोच उलटा त्याच्या अंगावर यायला पाहिजे. हा शेवटचा मुद्दा बहुतेक चर्चांमध्ये येतच नाही आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण कोर्टात उभं राहतं ते पोरगं, आणि पार्ट विकणारा बाहेरच असतो.

वयाचं थोडक्यात

गुन्हेगार म्हणून कोर्टात उभं करायचं किमान वय देशोदेशी वेगळं आहे. इंग्लंडमध्ये १०, जर्मनीत १४. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१९ मध्ये निदान १४ ठेवा असं सांगितलंय. वरच्या टोकाला जर्मनीत १८ ते २० वयाच्यांनाही, कोर्टाला त्यांची समज कमी वाटली तर, तरुणांचाच कायदा लावता येतो. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ मधल्याला मोठ्यांसारखं चालवायचा विचार फक्त निर्घृण गुन्ह्यात होतो, म्हणजे ज्याला किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त आहे अशात, त्यामुळे साधी गाडीचोरी कितीही वेळा केली तरी त्यात बसत नाही. तुमचं मत लिहिताना आधी तुमच्या कायद्यातलं हे वय बघून घ्या, नाहीतर जे आधीच करता येतं ते मागाल किंवा जे करताच येत नाही ते.

'परत परत' कसं मोजायचं

इथे जरा थांबा, कारण हा भाग नीट झाला तर बाकी सोपं जातं.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांचे पोलिस रेकॉर्ड संशोधकांनी पुढे काढून बघितले, तर त्यातली साधारण ६ टक्के मुलं अशी निघाली की त्या सगळ्या मुलांच्या नावावरचे निम्म्याहून जास्त गुन्हे त्यांच्या एकट्यांच्या नावावर होते. नंतरही वेगवेगळ्या ठिकाणी आकडे बदलले पण चित्र हेच राहिलं, थोडी पोरं खूप करतात आणि बाकीची एकदा-दोनदा करून थांबतात. म्हणजे कायदा लिहिताना सगळ्यांवर सरसकट वरवंटा फिरवायची गरज नाही, आणि त्या थोड्यांना 'होईल आपोआप शहाणं' म्हणून सोडून देणंही बरोबर नाही.

आता मोजायचं कसं. समजा एका पोराने एका रात्रीत तीन गाड्या बदलल्या, ते तीन गुन्हे की एक? समजा पहिल्यांदा मार्चमध्ये पकडलं, समज देऊन घरी पाठवलं, फाइल पुढे गेली. एप्रिलमध्ये दुसरी गाडी, मेमध्ये दोन, आणि पहिल्या केसची पहिली तारीखच लागली जूनमध्ये. कागदावर हा 'चार वेळा सापडलेला सराईत' आहे. पण जरा बघा, या चार वेळांमध्ये त्याच्या बाबतीत कायद्याने प्रत्यक्षात केलं काय? काहीच नाही. त्याला चार वेळा कळलं की काही होत नाही. जूनमध्ये कोर्टात त्याला मार्चमधल्या पांढऱ्या गाडीबद्दल विचारतात तेव्हा त्याला ती कुठली तेही नीट आठवत नसतं.

म्हणून माझी सूचना अशी, आणि ही मसुद्यात स्पष्ट शब्दांत लिहा: मधे काहीतरी खरी कारवाई होऊन गेल्यावर जो गुन्हा झाला तोच 'पुन्हा' म्हणून मोजायचा. याने पोरांना सूट मिळेल असं काही जणांना वाटतं, पण उलट आहे, याने यंत्रणेवर दबाव येतो, कारण पहिल्या वेळेला हालचाल केली नाही तर दुसऱ्या वेळेला कडक होताच येणार नाही. आणि ज्याच्या बाबतीत खरोखर सगळं करून झालंय आणि तरी तो गाडी घेऊन निघतो, तो आपोआप वेगळा दिसायला लागतो. पीडितांची मोजणी मात्र वेगळी ठेवा, तीन गाड्या म्हणजे तीन मालक, तिघांनाही सांगितलं गेलंच पाहिजे की त्यांच्या गाडीचं काय झालं.

घड्याळ

आज ताप आलाय आणि औषध तीन महिन्यांनी, असं बहुतेक ठिकाणी चाललंय. तेव्हा मसुद्यात कलमांच्या आधी दिवस लिहा. मी असं लिहीन: पकडल्यापासून ४८ तासांत पोरगं आणि घरचं कुणीतरी एका ठराविक अधिकाऱ्यासमोर बसलंच पाहिजे, आणि पुढे तीच व्यक्ती त्याच्या केसला राहील, दर वेळी नवा माणूस नको. आठवड्याच्या आत शाळेत काय चाललंय, घरात कोण आहे, दारू-नशा आहे का, मागे कुणी मोठा माणूस आहे का याची चौकशी. तीन आठवड्यांच्या आत ठरलेला प्लॅन कागदावर, आणि त्यात प्रत्येक गोष्टीपुढे तारीख आणि कुणाची जबाबदारी ते नाव. गुन्हा कबूल असेल तर हे सगळं करायला निकालाची वाट बघायची गरज नाही. कबूल नसेल तर अर्थातच आधी पुरावा, वकील आणि सुनावणी, घाईत निरपराध पोरगं अडकवणं हा त्याहून मोठा अन्याय आहे, पण ती सुनावणीसुद्धा पुढची तारीख, पुढची तारीख करत लांबवायची नाही.

एवढी घाई का, तर या वयात पुढचा विचार आणि समोरची मजा यांचं वजन सारखं नसतं, त्यात मित्र बरोबर असले की आणखीच. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किशोरवयीन पोरं, थोडी मोठी मुलं आणि मोठी माणसं यांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम दिला, काहींना एकटं बसवून आणि काहींना मित्रांसमोर, तर मित्रांसमोर किशोरांनी जास्त धोका पत्करला आणि मोठ्या माणसांमध्ये फारसा फरक पडला नाही. गाडी चोरणारं पोरगं एकटं फार क्वचित असतं. आता अशा पोराला रात्री दोन वाजता, मागच्या सीटवर तीन दोस्त ओरडत असताना, 'कमाल शिक्षा ५ वरून ७ वर्षं केली' ही बातमी आठवेल असं आपण धरून चालतो. पण सोमवारी सकाळी त्याच अधिकारी मॅडमसमोर परत जाऊन बसायचंय हे आठवू शकतं.

काय करायला लावायचं

न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदा करून एक पद्धत आणली, पोराच्या घरच्यांसकट सगळ्यांची बैठक, तिथे पीडित व्यक्तीही येऊ शकते, पोलिस असतात, आणि पुढे काय करायचं ते त्या बैठकीत ठरतं. ही पद्धत सौम्य आहे असं बाहेरून वाटतं. पण विचार करा, समोरची बाई सांगतेय की गाडीच्या मागच्या सीटवर बाळाची सीट होती, डिकीत कामाची हत्यारं होती, त्या आठवड्यात कामावर जाता आलं नाही म्हणून पगार कापला गेला, वडिलांची डायलिसिसची वेळ हुकली, आणि पोराला तिच्याकडे बघून उत्तर द्यायचंय, शेजारी त्याची आई बसलेली. कोर्टात तो मान खाली घालून उभा राहतो आणि वकील बोलतो, इथे त्याला स्वतः बोलावं लागतं. पीडितावर मात्र यायची जबरदस्ती कधीच नको, पत्र पाठवलं तरी चालेल, नको म्हणाली तरी चालेल, हे मसुद्यात लिहाच.

बाकी प्लॅनमध्ये काय असावं: रात्रीची घराबाहेर न पडायची वेळ आणि ती खरंच तपासली जाणं, शाळा किंवा कामाचं शिक्षण, ज्या दोन-तीन मित्रांबरोबर गाडी उचलली त्यांच्यापासून काही महिने लांब, आणि घरच्यांना आधार. घरच्यांना नुसता दंड ठोकून काही होत नाही. ज्या घरात एकटी आई रात्रपाळी करते तिथे रात्री पोरावर लक्ष कोण ठेवणार ते विचारा, नाहीतर तुमची संचारबंदी कागदावरच राहील. कुटुंबाला धरून घरी येऊन काम करणाऱ्या थेरपी आहेत, त्यांना पैसे लागतात, पण कोठडीतल्या एका जागेचा वर्षाचा खर्च काढून शेजारी ठेवा आणि मग महाग कुठलं ते ठरवा.

गाड्यांचं वेड हे खरं असतं हेही विसरू नका. ब्रिटनमध्ये प्रोबेशनवाल्यांनी, म्हणजे जेलऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांनी, मोटर प्रोजेक्ट चालवले होते, पोरांनी जुनी गाडी दुरुस्त करायची आणि रस्त्यावर नाही तर ट्रॅकवर चालवायची. लोक चिडतात की चोरी केली म्हणून बक्षीस. हा राग मला समजतो. म्हणून अट अशी ठेवावी की ज्याचं नुकसान केलं त्याचं काहीतरी भरून दिल्याशिवाय तिथे प्रवेश नाही, आणि तिथून पुढे मेकॅनिकच्या सर्टिफिकेटपर्यंत जायचं, नुसती मौज नको.

एक गोष्ट मात्र मसुद्यात येऊ देऊ नका: पोरांना जेलमध्ये फिरवून कैद्यांकडून दम भरायचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका जेलमधून हे सुरू झालं आणि सगळीकडे पसरलं, ऐकायला फार बरं वाटतं. पण ज्या पोरांना तिथे नेलं आणि ज्यांना नेलं नाही अशांची तुलना करणारे जेवढे नीट प्रयोग झाले ते सगळे एकत्र तपासल्यावर निघालं की नेलेल्या पोरांनी पुढे जास्त गुन्हे केले. काहीच केलं नसतं तरी बरं झालं असतं, असं ते निघालं.

कोठडी कधी

आता 'टाका आत' वाल्यांकडे येऊ, कारण त्यांचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून मत बनवलं तर ते टिकत नाही.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात हे अगदी जसंच्या तसं करून झालंय. १९९१ च्या शेवटी चोरलेल्या गाडीच्या धडकेत एक तरुण आई आणि तिचं बाळ गेलं, लोक रस्त्यावर उतरले, आणि १९९२ मध्ये तिथे पुन्हा पुन्हा गंभीर गुन्हे करणाऱ्यांसाठी, त्यात पोरंही आली, असा कायदा केला की किमान १८ महिने आत आणि त्यापुढे अनिश्चित काळ. नंतर संशोधकांनी चोऱ्यांचे आकडे काढून तपासले, वचक बसल्याचा पुरावा सापडला नाही. १९९४ मध्ये त्या कायद्याची मुदत संपली. त्याच देशात क्वीन्सलँडने डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्यांचा गुन्हा तर मोठ्यांची शिक्षा असा कायदा केला, त्यात गाडी बेकायदा वापरणंही आहे, कोठडी हा शेवटचाच उपाय हे तत्त्व काढून टाकलं, आणि हे आपल्याच मानवी हक्क कायद्याशी जुळत नाही हे सरकारने स्वतः मान्य करून केलं.

आणि उत्तर आयर्लंडमधल्या वेस्ट बेलफास्टचं उदाहरण तर अंगावर काटा आणतं. तिथे अशांततेच्या काळात सशस्त्र गट गाड्या पळवणाऱ्या पोरांना पकडून गुडघ्यात गोळ्या घालायचे. कुठलाही कायदा याहून कडक होऊ शकत नाही. तरीही पोरं गाड्या पळवतच राहिली, काही तर बरी होऊन परत. शिक्षा वाढवली की पोरं घाबरतात असं जो म्हणेल त्याला हे एक उदाहरण विचारा.

पोरांना मोठ्यांच्या कोर्टात पाठवल्याने काय होतं याचाही अभ्यास झालाय, अमेरिकेत सरकारी आरोग्य यंत्रणेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने २००७ मध्ये सगळे अभ्यास तपासून सांगितलं की त्याने पुढची हिंसा एकंदर वाढते, तेव्हा हिंसा कमी करायची असेल तर तसं करू नका.

पण. १९८९ च्या बालहक्क कराराच्या कलम ३७ मध्ये कोठडी हा शेवटचा उपाय आणि कमीत कमी काळासाठी असं लिहिलंय, कधीच नाही असं लिहिलेलं नाही. एखादं पोरगं खरोखर असं असतं की आठवडाभरात कुणाचा तरी जीव घेईल, त्याचा स्वतःचा सुद्धा. त्याला थांबवणं हे त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचं देणं आहे, आणि हे म्हणायला मला काही संकोच वाटत नाही. माझ्या मसुद्यात कोठडीची अट अशी असेल: तो स्वतः चालवत होता, वेग किंवा पाठलागामुळे इतरांचा जीव धोक्यात आला, आणि आधीचा प्लॅन खरोखर अमलात आणूनही तो मोडला. या तिन्ही एकत्र. कुणाला गंभीर दुखापत झाली असेल तर पहिल्या वेळेलाही. काळ महिन्यांत मोजायचा, मोठ्या कैद्यांपासून पूर्ण वेगळं, आत शाळा, आणि बाहेर आल्यावर कुठे राहणार, कुठे शिकणार हे आत गेल्याच्या पहिल्या आठवड्यात ठरवायला घ्यायचं. सुटल्यावरचा पहिला महिना सगळ्यात धोक्याचा, जुने मित्र दाराशीच असतात, म्हणून तोच अधिकारी त्या महिन्यात रोज भेटणार असं लिहा. बहुतेक कायद्यांमध्ये आत टाकायचं कलम पानभर असतं आणि बाहेर काढायचं दोन ओळी.

कुलूप कुणी बनवलं

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होऊ द्यायचं नसेल तर हा भाग वगळू नका. बरोबर चावीशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारं इमोबिलायझर युरोपियन युनियनने १९९८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं केलं, ऑस्ट्रेलियाने २००१ पासून, कॅनडाने २००७ पासून. नेदरलँड्सच्या आकड्यांवर झालेल्या अभ्यासात यामुळे गाडीचोरी साधारण ४० टक्क्यांनी कमी झाली असं निघालं. अमेरिकेने सक्ती केली नाही. तिथे किया आणि ह्युंदाईच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये साधारण २०११ ते २०२१ पर्यंत हे नव्हतंच, मिलवॉकीत पोरांना ते कळलं, सोशल मीडियावर व्हिडिओ फिरले आणि बघता बघता देशभर पसरलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी सॉफ्टवेअर अपडेट जाहीर केलं तेव्हा तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने सांगितलं की साधारण ८३ लाख गाड्यांना ते लागेल आणि तोपर्यंत या प्रकारात निदान १४ अपघात आणि ८ मृत्यू नोंदले गेलेत. शेजारच्या कॅनडात त्याच कंपन्यांच्या गाड्यांना हा त्रास झाला नाही, तिथे सक्ती होती.

पोरं दोन्ही देशांत सारखीच होती. म्हणून तुमच्या सूचनेत एक कलम गाडी बनवणाऱ्यांवर असूद्या, ज्या मॉडेलची चोरी अचानक वाढते त्याची दुरुस्ती ठराविक मुदतीत कंपनीच्या खर्चाने. यात पोरांची जबाबदारी कमी होत नाही, पण पंधरा वर्षांच्या पोराकडून सगळं वसूल करायचं आणि कंपनीला काहीच विचारायचं नाही हे मला मान्य नाही.

पाठलाग

पोलिसांनी मागे गाडी घातली की पोरगं वेग वाढवतं, आणि मरतात बऱ्याचदा भलतेच. नंबर माहिती आहे, चेहरा माहिती आहे, घर माहिती आहे तर नंतर घरी जाऊन पकडता येतं. जीवाचा धोका समोर असेल तरच पाठलाग, हा नियम कायद्यातच असला की रात्री दोन वाजता एकट्या हवालदारावर तो निर्णय पडत नाही. वर जे ४८ तासांचं घड्याळ सांगितलं ते नीट चालत असेल तर पाठलागाची घाईही कमी होते.

ज्याची गाडी गेली त्याचं

या सगळ्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. गाडी सापडली की पोलिसांच्या ताब्यात, ती सोडवायला फेऱ्या, टोइंगचे पैसे त्यालाच, विमा पूर्ण नसेल तर दुरुस्तीही त्यालाच. पोराकडे पैसे नसतात आणि भरपाईचा मोठा आकडा त्याच्या नावावर टाकून काही येतही नाही, वर्षानुवर्षं थकीत दिसत राहतो फक्त. व्यवहार्य असं आहे की सरकारी निधीतून मालकाला लगेच मिळावं, टोइंगचा आणि गाडी ठेवण्याचा खर्च त्याच्याकडून घेऊच नये, आणि पोराकडून त्याला झेपेल असं थोडं थोडं किंवा कामाच्या रूपात निधीत परत यावं. केस कुठपर्यंत आली ते मालकाला न विचारता कळवायचं, हेही कलम म्हणूनच लिहा, परिपत्रकात टाकलं की कुणी पाळत नाही.

रेकॉर्ड आणि फेरतपासणी

पोराने ठरलेलं सगळं पूर्ण केलं आणि ठराविक काळ, मी दोन वर्षं म्हणेन, काही केलं नाही तर रेकॉर्ड बंद व्हावं. नोकरीच्या फॉर्मवर पंधराव्या वर्षीची गाडी पंचविसाव्या वर्षी निघाली तर सुधारून त्याला मिळालं काय? भारताच्या २०१५ च्या कायद्यात अशी नोंद पुढे आड येऊ नये आणि नष्ट व्हावी अशी तरतूद आहे, १६ ते १८ मधल्या निर्घृण गुन्ह्यात मोठ्यांसारखं चाललेल्यांचा अपवाद सोडून. गाडी चालवण्याच्या लायसन्सचा प्रश्न वेगळा ठेवा, ज्याने धोकादायक चालवली त्याला काही वर्षं उशिरा मिळालं तर ते मला रास्त वाटतं, फक्त कायमचं बंद करू नका, कारण लायसन्स मिळणारच नाही असं कळलं की तो विनालायसन्स चालवतो.

शेवटचं कलम मुदतीचं ठेवा. तीन वर्षांनी कायदा परत विधिमंडळासमोर आलाच पाहिजे, आणि तेव्हा कुठले आकडे मांडायचे ते आजच लिहून ठेवा, नाहीतर त्या वेळी सोयीचे तेच निघतील: पकडल्यापासून पहिल्या बैठकीपर्यंत सरासरी किती दिवस लागले, ठरलेल्या प्लॅनपैकी किती खरंच पूर्ण झाले, पुढच्या वर्षभरात किती पोरं परत गाडीत सापडली, पोरांना वापरणारी किती मोठी माणसं शिक्षेपर्यंत पोचली, किती मालकांना पैसे मिळाले. नुसता 'किती जणांना आत टाकलं' हा आकडा यात घालू नका, तो वाढला तरी टाळ्या पडतात आणि कमी झाला तरी पडतात, आणि रस्ता सुरक्षित झाला का ते त्यातून कळत नाही.